अठ्ठ्याहत्तर टक्के नव्हे, अठ्ठ्याहत्तर पर्सेंटाइल: एमबीएच्या प्रवेश परीक्षा समजून घेताना

मागच्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या एका गावाहून फोन आला. "सर, लेकीला अठ्ठ्याहत्तर पडलेत. पेढे वाटलेत आम्ही. आता चांगल्या कॉलेजला लागायला अडचण नाही न्हवं?"

मी विचारलं, "अठ्ठ्याहत्तर काय, दादा?"

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, "टक्केच की. दुसरं काय असतंय?"

ते टक्के नव्हते, पर्सेंटाइल होतं. एमबीएच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल होता तो. त्या मुलीने शंभरातले अठ्ठ्याहत्तर प्रश्न बरोबर सोडवले असा त्याचा अर्थ नव्हता. परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांमागे साधारण बावीस जण तिच्या पुढे होते, एवढंच तो आकडा सांगत होता. वडिलांची यात काही चूक नाही. दहावीपासून आपल्या घरात निकाल म्हणजे टक्के. पर्सेंटाइल हा शब्द पहिल्यांदा घरात येतो तो प्रवेशाच्या धांदलीत, आणि तेव्हा तो समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो.

मी लातूरला मुलांना या परीक्षांचं गणित शिकवतो. नीट आणि जेईईबद्दल लातुरात कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारलं तरी नेमकं उत्तर मिळतं. कटऑफ किती, कोणत्या राउंडला काय होतं, सगळं लोकांना तोंडपाठ आहे. एमबीएच्या परीक्षांबद्दल मात्र तसं बोलणारं माणूस शोधावं लागतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पहिला प्रश्न बहुतेक पालक विचारतात तोच घेऊ. पोरगी बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झाली आहे, मग आणखी परीक्षा कशाला?

आपल्या मोंढ्याचं उदाहरण घ्या. शेतकऱ्याने घरी सोयाबीन मोजून पोती भरलेली असतात. त्याचा हिशोब खोटा नसतो, पण शेजारच्या गावातल्या माणसाचा तराजू वेगळा, माप वेगळं. मोंढ्यात आल्यावर सगळ्यांचा माल एकाच काट्यावर चढतो. पदवीच्या गुणांचंही तसंच आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे ६८ टक्के, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे ६८ टक्के, मुंबईच्या एखाद्या स्वायत्त महाविद्यालयाचे ६८ टक्के आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा सीजीपीए, हे एकमेकांशेजारी ठेवून कोण सरस ते ठरवता येत नाही. अभ्यासक्रम वेगळे, तपासणारे वेगळे, पेपरही वेगळे. म्हणून व्यवस्थापनाच्या संस्था सगळ्यांना एकच पेपर देतात. हीच कल्पना अमेरिकेत १९५० च्या दशकात काही बिझनेस स्कूलनी मिळून पुढे आणली, त्यातून पुढे जीमॅट ही परीक्षा उभी राहिली. आपल्याकडची कॅट (आयआयएम या केंद्राच्या व्यवस्थापन संस्थांची परीक्षा), सीईटी, सीमॅट ही सगळी त्याच विचाराची भावंडं.

काटा म्हटलं की मॉइश्चरही आलंच. एकाच दिवशी आलेल्या दोन गाड्यांत एकीचं सोयाबीन कोरडं, दुसरीचं ओलसर असेल तर नुसत्या वजनावर भाव देणं न्याय्य होत नाही. लाखो मुलांची संगणकावरची परीक्षा एका वेळी घेता येत नाही, म्हणून ती दोन-तीन सत्रांत किंवा दोन-तीन दिवसांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर निराळा असतो. सकाळचा पेपर अवघड निघाला आणि दुपारचा सोपा, तर सकाळच्या मुलांवर अन्याय होईल. तो टाळण्यासाठी गुणांची दुरुस्ती करतात, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. सीईटीत प्रत्येक सत्रातल्या मुलांची तुलना आधी त्याच सत्रातल्या मुलांशी होते. म्हणून अवघड पेपरात १०५ प्रश्न बरोबर आलेल्या मुलीला सोप्या पेपरात ११५ बरोबर आलेल्या मुलापेक्षा जास्त पर्सेंटाइल मिळू शकतं. "माझे मार्क जास्त, तरी माझा नंबर मागे कसा?" असं रडवेल्या आवाजात विचारणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यात घोटाळा नसतो, मॉइश्चर वजा केलेलं असतं.

रांगेतली जागा

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. कॅटचे आकडे घेऊन पाहू. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार मुलांनी दिली. ९९ पर्सेंटाइल मिळालेल्या मुलाच्या पुढे त्यातला एक टक्का, म्हणजे सुमारे २,९३० मुलं. ९५ मिळालेल्याच्या पुढे सुमारे १४,६५०. आणि ७८ मिळालेल्याच्या पुढे चौसष्ट हजारांहून जास्त. आकडा ७८ वरून ९५ वर जातो तेव्हा कानाला फरक सतराचा वाटतो, पण रांगेत तुम्ही जवळपास पन्नास हजार माणसं ओलांडलेली असतात.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या मुलांना धीर देणारी आहे. कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइल मिळवायला ९९ टक्के प्रश्न सोडवावे लागत नाहीत. २०२४ ला एकूण २०४ गुण होते आणि त्यातल्या निम्म्याहून कमी गुणांवरही ९९ पर्सेंटाइल मिळालं. पेपरच असा काढलेला असतो की सगळं कोणालाच येऊ नये. आपल्याकडे शाळेपासून शिकवलेलं असतं, एकही प्रश्न सोडायचा नाही. बोर्डाच्या परीक्षेत ते बरोबर होतं. कॅटमध्ये तीच सवय नडते. एका हट्टी प्रश्नाला नऊ मिनिटं देणारा हुशार मुलगा मागे पडतो आणि तो प्रश्न सोडून पुढचे तीन सोपे उचलणारी मुलगी पुढे जाते.

कोणत्या दाराला कोणती किल्ली

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. आधी परीक्षा निवडू नका. आधी कोणत्या संस्थेत जायचं ते ठरवा, परीक्षा आपोआप ठरते.

आपल्या भागातल्या बहुतेक मुलांसाठी पहिली परीक्षा एमएएच-एमबीए सीईटी हीच. ती महाराष्ट्र शासनाचा राज्य सीईटी कक्ष घेतो. राज्यातल्या विद्यापीठांना जोडलेल्या महाविद्यालयांतल्या एमबीए आणि एमएमएसच्या जागा हिच्यावर भरतात. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिमसरी, पुणे विद्यापीठाचं पुम्बा, आपल्या दोन्ही विद्यापीठांचे व्यवस्थापन विभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यातली खासगी महाविद्यालयं, सगळी यात आली. १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात. त्यात ७५ प्रश्न तर्कशक्तीचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. एका प्रश्नाला पाऊण मिनिट येतं. प्रश्न फार खोल नसतात, वेग मात्र भयंकर लागतो. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून सीईटीत एकही प्रश्न रिकामा सोडू नका. शेवटची दोन मिनिटं उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर काही ना काही खूण करायला राखून ठेवा. हे एवढं एक वाक्य वेळेत कोणी सांगितलं नाही म्हणून दहा-पंधरा प्रश्न कोरे सोडून आलेली मुलं मी पाहिली आहेत.

कॅट ही आयआयएमची परीक्षा. नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी तीन सत्रांत होते. एकूण दोन तासांचे तीन भाग पडतात: इंग्रजी वाचन, माहितीच्या तक्त्यांवरून तर्क, आणि गणित. प्रत्येकी ४० मिनिटं. एक भाग संपल्याशिवाय दुसऱ्यात जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. पदवीला ५० टक्के हवेत, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी ४५. शेवटच्या वर्षाला असलेली मुलंही बसू शकतात. फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये सुटतो. २०२५ साली फी २,६०० रुपये होती आणि सवलतीच्या गटांना १,३००. फॉर्म भरताना परीक्षा केंद्रासाठी शहरांचे पसंतीक्रम देता येतात. संभाजीनगर पहिलं टाकायचं की दुसरं, हे घरून किती तासांचा प्रवास आहे ते पाहून ठरवा. परीक्षा सकाळच्या सत्रात आली आणि रात्रभर एसटीत बसून मूल केंद्रावर पोचलं, तर त्याचा परिणाम इंग्रजीच्या पहिल्याच उताऱ्यावर दिसतो.

कॅटच्या नावाला आपल्याकडे उगाच भीती चिकटली आहे. "ते इंजिनिअरांचं काम" असं बी.ए. झालेल्या मुली मला सांगतात. कॅटचं गणित बहुतांशी दहावीपर्यंतचं असतं: टक्केवारी, नफा-तोटा, वेळ-काम, गुणोत्तर, समीकरणं, भूमिती. कॅल्क्युलस नाही. प्रश्न वळणदार असतात, पण पाया शाळेचाच. आणि इंग्रजीत शब्दार्थ, व्याकरणाचे नियम थेट विचारत नाहीत. उतारे वाचायचे, लेखकाला काय म्हणायचंय ते ओळखायचं, विस्कटलेली वाक्यं ओळीत लावायची. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून कॅट जमणार नाही, हा समज चुकीचा आहे. इंग्रजी वाचता यायला हवं, आणि वाचन ही रोज अर्धा तास देऊन वर्षभरात कमावता येणारी गोष्ट आहे. ग्रामीण भागातल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या बाबतीत मी हे स्वतः पाहिलं आहे, म्हणून जोर देऊन सांगतो.

एक गोष्ट मात्र वेळेवर कळायला हवी. कॅटमध्ये नुसतं एकूण पर्सेंटाइल चालत नाही. आयआयएम प्रत्येक भागात वेगळी किमान पातळी मागतात. वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. गणितात हिरा. इंग्रजीकडे पाहायचाही नाही, म्हणायचा, "गणितात भरून काढतो, सर." गणितात ९८ च्या पुढे गेला, इंग्रजीत ५५ वर अडकला. एकूण आकडा चांगला दिसत होता, पण ज्या संस्थांवर त्याची नजर होती त्यांच्याकडून एकही बोलावणं आलं नाही.

आणि कॅट म्हणजे प्रवेश नाही, कॅट म्हणजे बोलावणं. पुढे मुलाखत आणि लेखन चाचणी असते, आणि अंतिम यादीत दहावी-बारावीचे गुण, पदवी, कामाचा अनुभव, काही ठिकाणी मुलगी असणं आणि इंजिनिअरिंगबाहेरची पदवी असणं यांनाही गुण मिळतात. प्रत्येक आयआयएमचं सूत्र वेगळं असतं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर छापलेलं असतं. बारावीला चांगले गुण असलेली बी.एस्सी. झालेली मुलगी आणि तेवढंच पर्सेंटाइल मिळालेला इंजिनिअर मुलगा यांच्यात कधीकधी तिला आधी बोलावणं येतं. हे आपल्या मुलींना कोणी सांगत नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी तर एक दार जवळजवळ नावानिशी उघडं आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये अन्न आणि कृषी व्यवसायाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, लखनौच्या आयआयएममध्ये कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा आहे. दोन्हीकडे कॅटवरूनच प्रवेश होतो. बियाणं जालन्यात, डाळ उदगिरात, सोयाबीन लातुरात. हा व्यवसाय डोळ्यांसमोर बघत वाढलेल्या मुलांना मुलाखतीत सांगण्यासारखं पुष्कळ असतं. तरी एमपीएससीच्या दोन-तीन प्रयत्नांनंतरच त्यांना या अभ्यासक्रमांचं नाव कळतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आयआयएम आता वीसहून जास्त आहेत. महाराष्ट्रात नागपूरची २०१५ पासून आहे, आणि मुंबईची पूर्वीची निटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम झाली. नव्या आयआयएमपैकी अनेक जणी मिळून एकच मुलाखत घेतात, त्या प्रक्रियेला कॅप म्हणतात. आणि महाराष्ट्राच्या सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांनाही कॅपच म्हणतात. दोन्हींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. "सर, माझं कॅपला नाव आलंय" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, कोणत्या?

बाकीच्या परीक्षा थोडक्यात. सीमॅट एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, तीन तासांत १०० प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. सामान्य ज्ञान आणि नवउद्योजकता असे कॅटमध्ये नसलेले भागही आहेत. देशभरातल्या पीजीडीएम, म्हणजे एमबीएसारखी पदविका देणाऱ्या, संस्था तिचे गुण धरतात. झॅट जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची, जानेवारीच्या सुरुवातीला होते. तिच्यात निर्णय घेण्याच्या प्रसंगांवर वेगळा भाग असतो आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडले तर त्यालाही थोडे गुण कापतात, म्हणून नियम वाचूनच जा. पुण्याच्या सिम्बायोसिससाठी स्नॅप, मुंबईच्या एनएमआयएमएससाठी एनमॅट. या दोन्ही एकाच हंगामात एकाहून जास्त वेळा देता येतात, पण प्रत्येक वेळी पैसे भरावे लागतात. घरातून किती वेळा पैसे मागायचे याचा हिशोब आधीच मांडलेला बरा.

जीमॅट आणि जीआरई मुख्यतः परदेशासाठी, आणि भारतात आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) किंवा आयआयएमच्या एक वर्षाच्या, अनुभवी लोकांसाठीच्या अभ्यासक्रमांसाठी. २०२४ पासूनचा जीमॅट सव्वादोन तासांचा आहे. गणित, भाषा आणि माहितीचं विश्लेषण असे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि गुण २०५ ते ८०५ मध्ये. जीआरईत भाषा आणि गणिताचे गुण १३० ते १७० मध्ये येतात. दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात, कॅटचे मात्र एकाच वर्षाच्या प्रवेशाला. म्हणून नोकरीला लागलेल्या मुलांना मी सांगतो, अभ्यासाची सवय ताजी आहे तोवर जीमॅट देऊन ठेवा, अर्ज दोन वर्षांनी करा. करोनाच्या काळात परदेशी संस्थांनी परीक्षेची अट सैल केली होती, काहींनी ती सवलत पुढेही ठेवली. पण शिष्यवृत्ती मिळवायची असेल तर चांगला आकडा हाताशी असलेला बरा.

चुकीचा एक गुण

वजा गुणांची भीती मुलांच्या मनात इतकी बसते की येणारा प्रश्नही ती सोडून देतात. जरा हिशोब करून पाहू. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन, चुकीच्याला वजा एक, आणि पर्याय चार. डोळे मिटून चार प्रश्नांवर खूण केली तर सरासरीने एक बरोबर येईल, तीन चुकतील. तीन मिळाले, तीन गेले. हाती शून्य. म्हणजे आंधळी खूण फायद्याची नाही, पण वाटते तेवढी घातकही नाही. आता चारपैकी एक पर्याय नक्की चूक आहे एवढं जरी कळलं, तर तीन प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो. तीन मिळतात, दोन जातात. एक गुण हातात राहतो. दोन पर्याय खोडता आले तर आणखीच चांगलं. म्हणून उत्तर माहीत नसलं तरी चूक काय ते ओळखायची सवय लावा.

कॅटमध्ये काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं. तिथे चुकलं तरी काही कापत नाहीत. ते कोरे सोडायचं काही कारण नाही.

कागद

अभ्यासात मागे पडलेलं मूल पुढच्या वर्षी परत बसू शकतं. कागदामुळे हुकलेली जागा मात्र जास्त जिव्हारी लागते.

राज्याची आरक्षणाची यादी आणि केंद्राची यादी वेगळी आहे. आयआयएम केंद्राच्या संस्था, त्यामुळे तिथे अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती ७.५ टक्के, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी २७ टक्के, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) १० टक्के असे गट. आपल्याकडचे व्हीजे, एनटी हे गट तिथे त्या नावाने नाहीत. त्यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात तिथे आहे का हे केंद्राची यादी उघडून स्वतः पाहावं लागतं. आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तहसीलमध्ये ते वेगळं मागावं लागतं. मराठा समाजासाठी राज्याने २०२४ मध्ये केलेलं एसईबीसीचं १० टक्के आरक्षण राज्याच्या जागांपुरतं आहे. आयआयएमच्या फॉर्ममध्ये एसईबीसी हा रकाना नसतो. तिथे अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएस, तेही त्या आर्थिक वर्षाचं प्रमाणपत्र. एक मुलगा राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीला गेला होता. ते मान्य झालं नाही, आणि नवं आणायला त्याला मुदत मिळाली नाही.

राज्याच्या प्रवेश फेऱ्यांसाठी उलट जातवैधता प्रमाणपत्र लागतं, आणि जात पडताळणी समितीकडून ते यायला वेळ लागतो. सीईटीचा अभ्यास सुरू करायच्या दिवशीच तो अर्जही टाका. नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास हे सगळं एप्रिल-मेमध्ये मागायला गेलात तर सेतू केंद्रावर अख्खा तालुका उभा असतो.

यामागे पैशाचाही मोठा प्रश्न आहे. शासनाच्या फीसवलती आणि महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या राज्याच्या केंद्रीय फेरीतून (कॅपमधून) प्रवेश घेतला तरच मिळतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण तीही अशाच प्रवेशाला. निकाल लागला की "सीट पक्की करून देतो, फेऱ्यांच्या भानगडीत पडू नका" असे फोन येऊ लागतात. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की या सवलती हातच्या जातात, हे फोन करणारा सांगत नाही. औशाच्या त्या वडिलांनाही असाच फोन आला होता आणि ते पुढच्याच आठवड्यात पैसे भरणार होते. ते थांबले. मुलीने केंद्रीय फेरीत पसंतीक्रम भरले आणि आपल्याच विभागात तिला जागा मिळाली, फी न भरता. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर खरोखर हवं असलेलंच महाविद्यालय टाका; ते मिळालं की तीच जागा पक्की धरतात, पुढच्या फेरीत चांगलं काही शोधता येत नाही.

जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे आहे, हा आकडा ऐकून अनेक घरांत विषयच संपतो. तो इतक्या लवकर संपवू नका. अशा संस्थांच्या प्रवेशपत्रावर बँका तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज देतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत नावाजलेल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांसाठी व्याजात सवलतीची तरतूद आहे.

सुरुवात कुठून

माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी पहिल्या दिवशी काही शिकवत नाही. कॅटचा आधीच्या एखाद्या वर्षाचा पेपर देतो. आयआयएम स्वतः कॅटच्या संकेतस्थळावर सरावासाठी पेपर फुकट ठेवतात. मोबाइलवर ४० मिनिटांचा गजर लावायचा आणि एकच भाग सोडवायचा. गजर वाजला की पेन खाली. मग वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात बरोबर आलेले प्रश्न. दुसऱ्यात चुकलेले. तिसऱ्यात असे प्रश्न, जे वेळ संपल्यावर घरी शांतपणे बसून स्वतःचे स्वतः सुटले.

आपल्या मुलांचा तिसरा रकाना जवळजवळ नेहमी सगळ्यात लांब निघतो. त्यांना येत असतं, चाळीस मिनिटांत काढता येत नसतं. ज्याचा तिसरा रकाना लांब, त्याला मी नवं पुस्तक घ्यायला लावत नाही. त्याच प्रकारचे प्रश्न, रोज, घड्याळ समोर ठेवून. ज्याचा दुसरा रकाना लांब, त्याला आठवी ते दहावीची गणिताची पुस्तकं परत काढायला सांगतो. ती घरात माळ्यावर कुठेतरी असतातच.